विमान रंगवून घेणाऱ्या ताईंस अनावृत पत्र

ताईसाहेब,



आपलं खरं नाव मला ठाऊक नाही, आणि पत्र पोचायला ते लागणारही नाही. चीनमध्ये जिथे जिथे एखाद्या कोरियन गायकाच्या नावानं पैसे गोळा होतात, तिथे आपण असताच. हातभर लांब लेन्सचा कॅमेरा घेऊन कलाकाराच्या मागे फिरणाऱ्या, त्याच्या नावाचं पान चालवणाऱ्या बाईला तिकडे ताईच म्हणतात. तेव्हा मीही तेच म्हणते. चाहत्यांच्या गटाच्या खजिनदार आपण, सरसेनापती आपण, आणि कलाकाराचं कुठे प्रेमप्रकरण उघडकीस आलं तर गटानं सुतक किती दिवस पाळायचं हे ठरवणाऱ्याही आपणच.

आधी त्या विमानाबद्दल अभिनंदन. फार उशिरा करते आहे, राग मानू नये. एप्रिल 2021 मध्ये बीटीएस या कोरियन चमूतल्या जिमिनच्या चिनी चाहत्यांच्या गटानं त्याच्या वाढदिवसासाठी वर्गणी खुली केली. वाढदिवस 13 ऑक्टोबरला, वर्गणी एप्रिलात. एवढ्या आधी तर आमच्याकडे लग्नाचा हॉलसुद्धा कुणी अडवत नाही. पहिल्या तीन मिनिटांत 10 लाख युआन जमले आणि तासाभरात 23 लाख. आमच्या हिशेबानं अडीच कोटी रुपयांच्या वर. आमची गणेशोत्सवातली पोरं चार जिने चढतात, दारातल्या चपला मोजून घरात माणसं आहेत याची खात्री करतात, तरी आतून ‘साहेब घरात नाहीत’ असं साहेबांच्याच आवाजात ऐकून परत येतात. त्यांना आपल्याकडे शिकायला पाठवावं असं फार वाटलं.

सप्टेंबरात काम दिसलं. जेजू एअरचं विमान, त्याच्या अंगभर जिमिन. आतल्या बोर्डिंग पासवर जिमिन, कागदी पेल्यांवर जिमिन. नोव्हेंबरअखेरपर्यंत ते असंच उडायचं होतं. शिवाय परदेशी वर्तमानपत्रांत जाहिरातींचाही बेत होता.

आता एक खुळचट शंका. त्या विमानात बसलं कोण? 2021 च्या त्या दिवसांत कोविडमुळे चीनची दारं लावलेली होती; बाहेर जाणं मुश्कील, आणि परत येणाऱ्याला आठवडेच्या आठवडे विलगीकरण. म्हणजे ज्या मुलींनी पैसे भरले त्यांनी विमान पाहिलं मोबाइलवर, फोटोत. बसले ते जेजू बेटावर चार दिवस हवापालट करायला निघालेले कोरियन काका-काकू. त्यांनी जिमिनचा चेहरा असलेल्या पेल्यातून पाणी प्यायलं असेल, पेला चुरगळला असेल आणि हवाईसुंदरीच्या पिशवीत टाकला असेल. आणि जिमिन? त्याचा बीटीएस 2016 च्या उन्हाळ्यात नानजिंग आणि बेजिंगला गाऊन गेला, त्यानंतरची पाच वर्षं चीनच्या मुख्य भूमीवर त्यांचा एकही जलसा झालेला नव्हता. दक्षिण कोरियानं अमेरिकेची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवून घ्यायचं ठरवलं आणि चीननं कोरियन कलाकारांसाठी दार आतून लावून घेतलं. लेखी हुकूम कुणी दाखवला नाही, पण परवानगी मिळायची बंद झाली. तो चीनमध्ये येऊ शकत नव्हता, मुली कोरियात जाऊ शकत नव्हत्या, आणि मध्ये आपण एक विमान रंगवून घेतलंत.

त्या गटानं त्यातला एक पैसाही खाल्ला असं मी म्हणत नाही. खाल्ला असता तर निदान कुणाच्या तरी पोटात गेला असता.

पण विमान ही काही आपली खरी करामत नव्हे. खरी करामत म्हणजे गाणं ऐकणाऱ्या मुलीला गुन्हेगार वाटायला लावणं. एखादी मुलगी गाणी ऐकते, नाच बघते, खोलीत पोस्टर लावते, मैत्रिणीशी तासभर त्याच्या केसांच्या रंगाबद्दल बोलते. पूर्वी हिला चाहती म्हणत. आपल्या राज्यात तिला फुकटी म्हणतात. अल्बम विकत घेतलास का? किती घेतलेस? एकच? आज मत दिलंस? टिप्पण्यांत आपला मजकूर वर आणलास? शिव्या देणाऱ्यांची तक्रार केलीस? पुराव्याचा स्क्रीनशॉट कुठाय? रोजची हजेरी, रोजचा कोटा. गिरणीत निदान पगार तरी मिळायचा आणि संप करायची सोय होती. आपल्याकडे कामगारच मालकाला पैसे देतो आणि वर ओव्हरटाइम केल्याबद्दल आपली माफी मागतो, की आज थोडा कमी झाला.

आणि त्या अल्बमांचं तर काय सांगावं. कोरियन कंपन्यांनी ही सोय मोठ्या डोक्यानं करून ठेवली आहे. अल्बमाच्या पाकिटात कलाकाराच्या फोटोचं एक छोटं कार्ड. कुठलं निघेल ते नशिबावर. हवं ते कार्ड निघेपर्यंत फोडत बसा. शिवाय अल्बम म्हणजे सोडतीची चिठ्ठी. जितके अल्बम तितक्या चिठ्ठ्या, आणि सोडतीत नाव निघालं तर कलाकाराची सही, किंवा कोविडपासून व्हिडिओ कॉल. तो कॉल मिनिट-दोन मिनिटांचा. समजा चांगशाच्या एखाद्या वसतिगृहात एकोणीस वर्षांची पोरगी बसली आहे. खोलीतल्या मैत्रिणींना बाहेर काढलंय. फोन गरम पाण्याच्या थर्मासला टेकवलाय, मागे धुतलेले कपडे दिसू नयेत म्हणून चादर टांगलीय. पाठ करून ठेवलेली कोरियन वाक्यं वहीत मोठ्या अक्षरात. फोन वाजतो, तो दिसतो, हसतो, हात हलवतो. ती पहिलं वाक्य म्हणते, त्याला ते कळत नाही, ती पुन्हा म्हणते, तो दोन बोटांचं हृदय करून दाखवतो, तेवढ्यात पलीकडून कंपनीच्या माणसाचा आवाज येतो आणि पडदा काळा होतो. दुसरं वाक्य वहीतच राहतं. आणि आपण गटावर लगेच लिहिता, की पुढच्या वेळी जास्त घ्या म्हणजे नक्की नंबर लागेल.

ते शेकड्यांनी घेतलेले अल्बम बरेचदा चीनला पोचतही नाहीत. सोलच्या दुकानात कार्डं काढून घ्यायची, खोकी तिथेच सोडायची; पाठवणावळ कोण भरणार? पण विक्रीत ते धरले जातात ना, झालं. पहिल्या आठवड्याचा आकडा, ताई! तो आकडा म्हणजे आपलं सौभाग्य. 2023 मध्ये कोरियात अल्बमविक्रीनं वर्षाचा 10 कोटी प्रतींचा टप्पा ओलांडला. ज्या जगात सीडी वाजवायचं यंत्र कुणाच्याही घरात सापडत नाही, त्या जगात. त्यात आपला हात एवढा मोठा की चिनी गटांची खरेदी मंदावल्याची कुणकुण लागली तरी कोरियन शेअरबाजारातले विश्लेषक कंपन्यांच्या कमाईचे अंदाज खाली आणतात. कोवळ्या पोरींच्या खाऊच्या पैशावर सोलचे सुटाबुटातले लोक डोळे लावून बसलेत. आपण त्यांच्याकडे कमिशन मागितलंत का कधी? मागावं. ते देणार नाहीत, पण मागावं.

आता आपल्या विमानखात्याकडे वळते. कलाकार कुठल्या विमानानं, कुठल्या आसनावर बसून येणार ही माहिती बाजारात विकत मिळते आणि आपल्या मंडळींना ती हमखास मिळते. डिसेंबर 2018 मध्ये हाँगकाँगहून सोलला निघालेल्या कोरियन एअरच्या विमानात वाना वन हा चमू होता. काही चाहते रीतसर तिकीट काढून त्याच विमानात चढले, आपल्या देवांचं दर्शन घेतलं आणि उड्डाणाच्या आधी म्हणाले, आम्हाला उतरायचंय, तिकिटाचे पैसे परत द्या. आता कुणी मधेच उतरलं की विमानात त्यानं काही ठेवून तर दिलं नाही ना, हे बघावं लागतं. म्हणून सुमारे 360 प्रवासी सामानासकट खाली उतरले, त्यांची पुन्हा तपासणी झाली, आणि विमान तासभर उशिरा सुटलं. झोपलेली लेकरं काखेत मारून रांगेत उभ्या असलेल्या बायांनी त्या दिवशी कोरियन संगीताबद्दल काय उद्गार काढले असतील ते चीन-कोरिया संबंधांच्या दृष्टीनं न छापलेलेच बरे. कंपनीनं पुढच्या वर्षारंभापासून अशा परताव्यावर दोन लाख वॉनचा जादा दंड लावला. आपण तो खर्चात धरलात की नाही?

हाच वाना वन ज्या कार्यक्रमातून निघाला त्या ‘प्रोड्यूस 101’ची कथा आपल्याला सांगायला नको, पण वाचकांना सांगते. प्रेक्षकांनी मतं द्यायची, सर्वांत जास्त मतांचे उमेदवार घेऊन चमू तयार व्हायचा. ‘तुम्हीच निर्माते’ असं प्रेक्षकांना सांगायचं. 2019 मध्ये उघडकीला आलं की खऱ्या निर्मात्यानं मतांचे आकडे फिरवले होते. 2020 मध्ये त्याला दोन वर्षांचा तुरुंगवास झाला. दुसऱ्या कुणी या पद्धतीचं नाव टाकलं असतं. चीनमध्ये तोवर त्याच साच्याचे कार्यक्रम धूमधडाक्यात चालू होते, आणि मत देण्यासाठी दूध विकत घ्यावं लागत होतं.

दुधाचा प्रसंग मी कितीदा तरी पाहिला आहे. मे 2021. ‘आयचियी’ या चिनी व्हिडिओ संकेतस्थळावर ‘यूथ विथ यू’चं तिसरं पर्व चालू, मार्गदर्शकांत ब्लॅकपिंक या कोरियन चमूतली लिसाही. प्रायोजक मंगन्यू ही दूधकंपनी. बाटलीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कोड, तो फोनवर दाखवला की मत. म्हणजे झाकण कामाचं, दूध अडगळ. मग ती चित्रफीत आली. माणसं गटाराच्या कडेला बसली आहेत, खोक्यातून बाटली काढायची, झाकण पिळायचं, झाकण एकीकडे टाकायचं, दूध दुसरीकडे ओतायचं, पुढची बाटली. कुणी घाईत नाही, कुणी हसत नाही, कुणी गातही नाही. रोजंदारीवर शेंगा सोलाव्यात तसं काम चाललंय. गटारातून पांढरा ओघळ वाहतोय. त्या चित्रफितीत कलाकार नाही, चाहता नाही, आणि अर्थातच आपणही नाही. आपण झाकणं मोजत असाल. बेजिंगच्या अधिकाऱ्यांनी अंतिम फेरीच थांबवली, कंपनीनं माफी मागितली. ज्या मुलांसाठी एवढं दूध वाहिलं ती तशीच घरी गेली.

पण आकड्यांच्या या खेळातली माझी आवडती गोष्ट निराळी आहे. त्याच साच्यातून 2018 मध्ये वर आलेल्या त्साय शूखुन या गायकाची वेइबो या चिनी समाजमाध्यमावरची एक नोंद 10 कोटींहून अधिक वेळा पुढे पाठवली गेली. त्या वेळच्या वेइबोच्या हिशेबात म्हणजे साधारण दर तीन-चार वापरकर्त्यांमागे एकानं. पुढे कळलं की त्यामागे पैसे घेऊन खोटे आकडे फुगवणारं एक ॲप होतं. ते बंद पडलं आणि बनवणारा तुरुंगात गेला. तरी आकड्यांवरची आपली श्रद्धा ढळली नाही. मग जुलै 2019 मध्ये कुणा लहानग्यानं भाबडेपणानं विचारलं, या जे चौचे आकडे इतके वाईट, मग याच्या जलशाची तिकिटं मिळत का नाहीत? जे चौ म्हणजे तैवानचा गायक, ज्याची गाणी ऐकत चीनची एक अख्खी पिढी शाळेतून नोकरीला लागली. ती पिढी बिथरली. पस्तिशी-चाळिशीचे लोक, कर्जाचे हप्ते भरणारे, मुलांना शिकवणीला सोडणारे, ‘हे मत कुठे द्यायचं रे?’ असं धाकट्या भावंडांना विचारत कामाला लागले आणि काही दिवसांत जे चौला वेइबोच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर बसवून, त्साय शूखुनच्या सरावलेल्या फौजेला मागे टाकून, पुन्हा आपापल्या कामाला निघून गेले. वर्गणी नाही, हजेरी नाही, ताई नाही. स्वतः जे चौ तर वेइबोवर नव्हताच. आपल्या आयुष्यातला तो फार वाईट आठवडा असणार. मला मात्र आजही आठवला की बरं वाटतं.

देशभक्तीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो विषय आला की आपण फार गंभीर होता. देशापुढे कुठलाही कलाकार मोठा नाही, हे आपलं ठरलेलं वाक्य. ऑक्टोबर 2020 मध्ये बीटीएसचा आरएम एक अमेरिकी पुरस्कार घेताना कोरियन युद्धात कोरिया आणि अमेरिकेनं मिळून सोसलेल्या दुःखाबद्दल बोलला. त्या युद्धात चिनी सैनिकही मेले होते, त्यांचं नाव घेतलं नाही म्हणून केवढा गहजब! सॅमसंगच्या चिनी दुकानांच्या पानावरून बीटीएसचे फोन रातोरात गायब झाले. अनेकांनी चाहतेपणाचा जाहीर राजीनामा दिला. आणि सहाच महिन्यांनी, तासाभरात 23 लाख युआन. ओरडणारे वेगळे आणि भरणारे वेगळे असतील, मान्य. पण कुठल्या दिवशी गटाचा झेंडा लाल आणि कुठल्या दिवशी बीटीएसचा जांभळा, याचं वेळापत्रक आपल्याकडेच असतं ना?

मग सरकार झाडू घेऊन आलं. 27 ऑगस्ट 2021 ला चीनच्या इंटरनेट नियंत्रकांनी फर्मान काढलं: कलाकारांच्या क्रमवाऱ्या बंद, अल्पवयीन मुलांकडून पैसे घेणं बंद, बेकायदा वर्गणी बंद. सप्टेंबरात वेइबोनं जिमिनच्या त्या गटाचं खातं 60 दिवसांसाठी गोठवलं आणि पाठोपाठ बीटीएस, एक्सो, आययू वगैरे कोरियन कलाकारांच्या चाहत्यांची आणखी 21 खाती 30 दिवसांसाठी. खरं सांगते, पहिली बातमी वाचून मी टाळी वाजवणार होते. तोच त्याच आठवड्यातलं दुसरं फर्मान वाचलं. पुरुषांनी पडद्यावर बायकी दिसू नये म्हणे. टाळीसाठी वर गेलेले हात तसेच खाली आले. पोरीच्या पाकिटाची काळजी असती तर मुलाच्या डोळ्यांतलं काजळ कशाला मोजलं असतं? क्रमवारीची यादी चालवून वर्षानुवर्षं कमाई केली ती वेइबोनं, आणि शिस्तीचा बडगा उगारला तोही वेइबोनंच. आपल्याला शिक्षा झाली साठ दिवसांची. साठ दिवसांत आपण नाव बदललंत, गट दुसरीकडे हलवलात आणि अल्बमांची नोंदणी पुन्हा सुरू केलीत. 2023 चे 10 कोटी आठवतात ना?

आणि एवढं सगळं ज्याच्यासाठी, त्या पोराचं काय? त्यानं प्रेमात पडू नये, जाड होऊ नये, चेहरा दमलेला दिसू नये, चमूतल्या दुसऱ्यापेक्षा एक ओळ कमी गाऊ नये. फेब्रुवारी 2024 मध्ये एस्पा या कोरियन चमूतल्या करिनाचं एका नटाशी जुळल्याचं कळलं, तर सोलमध्ये तिच्या कंपनीच्या दारात विजेच्या फलकाचा ट्रक उभा राहिला, चाहत्यांचं प्रेम तुला पुरत नाही का असा जाब विचारत, आणि माफी माग नाहीतर विक्री पडेल, असं बजावत. मार्चमध्ये तिनं स्वतःच्या हस्ताक्षरात माफीपत्र लिहिलं. तेवीस वर्षांच्या एका मुलीनं प्रेमात पडल्याबद्दल माफी मागितली. एप्रिलमध्ये ते वेगळेही झाले. ही ट्रकविद्या मूळची कोरियातली, पण आपल्या गटांनी ती बघता बघता आत्मसात केली. आता बेजिंगला बसून सोलच्या रस्त्यावर ट्रक उभा करता येतो. माल विकत घेतलाय, तक्रार करणारच! त्यात तो माल चालतो, बोलतो, रात्री रडतो, ही उत्पादनातली खोट.

या सगळ्यात त्या पोरींवर माझा काडीचाही राग नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण आपण लगेच त्यांना पुढे कराल. दिवसभर परीक्षेच्या घाण्याला जुंपलेल्या, घरात एकट्या वाढलेल्या, उद्या नोकरी मिळेल की नाही याची धास्ती घेतलेल्या मुलीला रात्री अकरा वाजता तीन मिनिटांच्या नाचानं हसू येतं, आणि ते हसू अस्सल आहे. त्या नाचामागची मेहनतही अस्सल आहे. ती पोरं खरंच जीव तोडून नाचतात. या दोन अस्सल गोष्टींच्या मधोमध आपण टेबल टाकून बसलात, पावतीपुस्तक उघडून.

आता मूळ मुद्द्यावर येते. बीटीएसची कंपनी हाइब हिनं 2025 मध्ये मुंबईत आपली भारतीय शाखा उघडली आहे. म्हणजे आज ना उद्या इथलीही पोरं निवडली जातील, शिकवली जातील, रंगवली जातील, आणि त्यांच्या नावानं वर्गणी काढायला कुणीतरी लागेल. माझी भाची डोंबिवलीत कॉलेजला आहे. तिच्या मैत्रिणी दोनचारशे रुपये काढून एकत्र अल्बम मागवतात, कार्डं वाटून घेतात आणि उरलेली सीडी कुणीच नेत नाही. बीज आहे, फक्त मार्गदर्शन हवं. भाचीला परवा विचारलं, तुमच्यात पैशाचा हिशेब कोण ठेवतं? म्हणाली, कुणी नाही, ज्याला आठवेल तो. ऐकून आपल्याला भोवळ येईल.

तेव्हा आपण इकडे येणार असाल तर कृपया आधी कळवावं. कुठल्या विमानानं येणार ते कळवलं नाहीत तरी चालेल. चारदोनशे रुपये टाकले की ते आम्हाला बाजारातून कळेलच. विमानतळावर आम्ही वीसपंचवीस बाया कॅमेरे घेऊन उभ्या राहू, आपल्या अंगावर पडू, केस ओढू, आपण दमलेल्या दिसलात तर त्याचे फोटो रात्रीतून विकू, आणि दुसऱ्या दिवशी विचारू की आमच्याकडे बघून हसला का नाहीत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एक फुकटी

ता. क. : जिमिनच्या पेल्यांपैकी एखादा न चुरगळलेला उरला असेल तर भाचीसाठी हवा होता. पैसे देणार नाही.